‘सेवा’ या शब्दाचा प्रवास : ख्रिस्ती परंपरेतील उपासना आणि दैनंदिन जीवन

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
- ख्रिस्ती परंपरेतील ‘उपासना’ या संकल्पनेमागील मूळ शब्द व त्यांचे अर्थ सांगता येतील.
- रोजचे काम हीच उपासना, हा विचार कोणत्या टप्प्यांतून घडत गेला ते स्पष्ट करता येईल.
- पंडिता रमाबाई यांच्या केडगाव येथील कार्याचा या विचाराच्या संदर्भात अर्थ लावता येईल.
- या विचाराच्या मर्यादा व त्याच्या गैरवापराचे धोके यांची चर्चा करता येईल.

२. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मराठीतील ‘सेवा’ या शब्दाचा वापर क्षणभर आठवून पाहा. आपण देवाची सेवा करतो, रुग्णांची सेवा करतो, आईवडिलांची सेवा करतो. वयाच्या अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी मनुष्य कचेरीतून बाहेर पडतो तेव्हा तो ‘सेवानिवृत्त’ होतो. पगारासाठी केलेले काम, प्रेमापोटी केलेली शुश्रूषा आणि देवापुढे केलेली पूजा या तिन्ही गोष्टींना मराठीने एकच शब्द दिला आहे. ‘उपासना’ हा शब्द मात्र वेगळ्या प्रकारे घडला आहे. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘आस्’ म्हणजे बसणे. म्हणून उपासना म्हणजे जवळ जाऊन बसणे. एका शब्दात हालचाल आहे, दुसऱ्यात स्थिरता आहे.

मराठी ख्रिस्ती समाजात रविवारच्या सामुदायिक प्रार्थनेसाठी ‘उपासना’ आणि ‘भक्ती’ हे दोन्ही शब्द वापरले जातात. वसईकडील कॅथलिक मंडळी ‘मिस्सा’ हा शब्द वापरतात. या सर्व शब्दांमुळे डोळ्यांसमोर येते ती चर्चची इमारत, ठरलेली वेळ आणि ठरलेला विधी. परंतु ख्रिस्ती धर्मविचारात प्रारंभापासून एक दुसरा प्रवाह आहे. त्याचे म्हणणे असे की, खरी उपासना चर्चच्या दाराशी संपत नाही. शेत, स्वयंपाकघर, कार्यशाळा, रुग्णाची खाट येथे ती चालू राहते. हा विचार कोठून आला, तो कोणत्या शब्दांतून व्यक्त झाला आणि तो कितपत स्वीकारता येतो, याचा अभ्यास आपण या घटकात करणार आहोत.

आपल्यापैकी बहुतेकजण नोकरी, घर किंवा शेती सांभाळून अभ्यास करीत आहात. दिवसातील बहुतांश तास ज्या कामात जातात, त्या कामाला काही अर्थ आहे काय, हा प्रश्न आपणांस अपरिचित नसेल. त्याचे एका परंपरेने दिलेले उत्तर समजून घेणे, एवढाच येथील हेतू आहे. ते मान्य करण्यासाठी ख्रिस्ती असावे लागत नाही, आणि ख्रिस्ती असणाऱ्यालाही ते तपासून पाहण्याची मोकळीक आहे.

३. विषय विवेचन

३.१ एक धातू, दोन अर्थ

बायबलचा जुना करार मुख्यत्वे हिब्रू भाषेत आहे. त्यात उपासनेसाठी येणारा एक महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘अवोदा’. या शब्दाचा धातू ‘काम करणे, राबणे, सेवा करणे’ असा अर्थ देतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या मनुष्याला बागेत ठेवले जाते ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. तेथील मशागतीचे क्रियापद याच धातूचे आहे. पुढे मंदिरातील याजकांच्या कार्यालाही ‘अवोदा’च म्हटले आहे. जमीन कसणे आणि देवाची आराधना करणे यांसाठी अशा रीतीने एकच शब्दकुल वापरले गेले.

येथे थांबून आनंद मानावा असे वाटेल; पण निर्गमाचे पुस्तक आपल्याला पुढची पायरी दाखवते. इस्राएली लोक मिसर देशात गुलाम होते. फारो त्यांच्याकडून विटा आणि शेतीची जी कष्टाची कामे करवून घेत होता, त्यांनाही हाच ‘अवोदा’ शब्द लावला आहे. गुलामासाठीचा ‘एवेद’ हा शब्दही याच धातूपासून आला. मोशेला देव सांगतो की, लोक मुक्त होऊन या डोंगरावर माझी सेवा करतील. तेथेही हाच धातू आहे. म्हणजे निर्गमाची कथा भाषेच्या अंगाने पाहिली तर ती एका ‘अवोदा’कडून दुसऱ्या ‘अवोदा’कडे झालेल्या प्रवासाची कथा आहे. लोक राबत होते फारोसाठी; आता त्यांनी सेवा करायची ती देवाची.

हा मुद्दा नीट लक्षात ठेवावा. केवळ कष्ट उपसले म्हणून ती उपासना ठरत नाही. वीट थापण्याची कृती तीच असते. ती कोणासाठी केली जाते आणि करणारा मुक्त आहे की बांधलेला, यावर तिचा अर्थ ठरतो. या घटकातील पुढील सर्व उदाहरणे आपण याच कसोटीवर तपासणार आहोत.

३.२ वेदीकडून देहाकडे

येशूच्या काळात यहुदी उपासनेचे केंद्र यरुशलेमचे मंदिर होते. शोमरोनी लोक मात्र वेगळ्या डोंगरावर उपासना करीत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात एक शोमरोनी स्त्री विहिरीवर पाणी भरायला येते आणि येशूशी बोलताना हाच वाद उपस्थित करते : खरे स्थान कोणते? येशूचे उत्तर दोन्ही स्थानांच्या पलीकडे जाते. उपासना आत्म्याने आणि खरेपणाने व्हावी, जागेवर ती अवलंबून नाही, असा त्याचा आशय आहे. हा संवाद विहिरीच्या काठी, पाणी भरण्याच्या रोजच्या कामात घडतो, हेही ध्यानात घ्यावे. या अध्यायाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

पौलाने रोम येथील मंडळीला पत्र लिहिले ते इ. स. ५७ च्या सुमारास. त्या पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी तो वाचकांना आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करण्यास सांगतो आणि यालाच उपासना म्हणतो. त्याने योजलेला ग्रीक शब्द आहे ‘लात्रेइया’. जुन्या ग्रीक भाषेत या शब्दाचा संबंध मजुरीने केलेल्या कामाशी होता. हिब्रू शास्त्राच्या ग्रीक अनुवादात तो देवाच्या सेवेसाठी रूढ झाला. प्रचलित मराठी बायबलमध्ये या ठिकाणी ‘सेवा’ हा शब्द आला आहे आणि तो मूळ शब्दाच्या इतिहासाला साजेसा आहे.

पौलाच्या विधानातील नवेपणा असा : यज्ञात पशू मारला जातो आणि यज्ञ संपतो. येथे अर्पण करायचे ते जिवंत शरीर, म्हणजे चालणारे, बोलणारे, काम करणारे शरीर. म्हणून हा यज्ञ संपत नाही. त्याच अध्यायात पुढे पौल या उपासनेचा तपशील देतो तेव्हा एकही धार्मिक विधी सांगत नाही. दानात उदारपणा, पाहुणचार, रडणाऱ्यांबरोबर रडणे, वैऱ्याला जेवू घालणे अशा साध्या गोष्टींची यादी तो देतो. यानंतर काही वर्षांनी, इ. स. ७० मध्ये, रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले.

‘लेइतुर्गिया’ हा दुसरा ग्रीक शब्दही असाच आहे. अथेन्समधील श्रीमंत नागरिक स्वखर्चाने जे लोकोपयोगी काम करीत, त्याला हे नाव होते. आज ख्रिस्ती उपासनाविधीला ‘लिटर्जी’ म्हणतात ते यावरून. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात यरुशलेममधील गरिबांसाठी गोळा केलेल्या वर्गणीला हाच शब्द लावला आहे.

‘मिस्सा’ या शब्दाची व्युत्पत्तीही येथे पाहण्यासारखी आहे. हा शब्द पोर्तुगीजांमार्फत वसई व गोव्यात आला. त्याचे मूळ लॅटिन विधीच्या शेवटी उच्चारल्या जाणाऱ्या निरोपाच्या वाक्यात आहे. ‘जा, तुम्हांला निरोप दिला आहे’ असा त्याचा आशय. संपूर्ण विधीला नाव मिळाले ते लोकांना पुन्हा घराकडे, कामाकडे पाठवणाऱ्या शब्दावरून.

३.३ मठातील स्वयंपाकघर

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्यात प्रार्थना, वाचन आणि अंगमेहनत यांची दिवसभराची वाटणी आहे. भांडारप्रमुखाने मठातील सर्व भांडीकुंडी व अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे मानावीत, असा एक नियम तिच्या एकतिसाव्या प्रकरणात आहे. खुरपे आणि प्रसादाचे पात्र यांना सारखीच निगा मिळावी, असा याचा अर्थ. आणि सामूहिक प्रार्थनेला बेनेडिक्ट ‘देवाचे काम’ म्हणतात. काम उपासनेच्या पातळीवर नेताना त्यांनी उपासनेलाही कामाचे नाव दिले.

या विचाराचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे सतराव्या शतकातील ब्रदर लॉरेन्स. त्यांचे मूळ नाव निकोलस हर्मन. लॉरेन प्रांतात एका गरीब घरात जन्मलेला हा माणूस तरुणपणी सैनिक होता, युद्धात जखमी झाला आणि १६४० मध्ये पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला. फारसे शिक्षण नसल्यामुळे तो धर्मगुरू होण्याचा प्रश्न नव्हता. त्याच्या वाट्याला मठाचे स्वयंपाकघर आले. पुढे पायाच्या दुखण्यामुळे त्याला बसून करण्याचे, चपला दुरुस्त करण्याचे काम देण्यात आले. १६९१ मध्ये त्याचे निधन झाले. त्यानंतर त्याची पत्रे व त्याच्याशी झालेली संभाषणे प्रसिद्ध झाली, ती आजही अनेक भाषांत वाचली जातात.

लॉरेन्सच्या सांगण्यात एक प्रांजळपणा आहे. स्वयंपाकाच्या कामाची त्याला स्वभावतः नावड होती. तरीही कढईतील अंड्याची पोळी उलटावी ती देवाच्या प्रेमापोटी, जमिनीवरची काडी उचलावी ती त्याच्याच प्रेमापोटी, अशी सवय त्याने मनाला लावली. ठरलेल्या प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांच्या खडखडाटाची वेळ यांत त्याला पुढे फरक उरला नाही. काम बदलावे, मोठे व्हावे, अशी अपेक्षा त्याने धरली नाही. जे करायचे ते कोणासाठी करायचे, एवढेच त्याने बदलले.

मराठी वाचकाला येथे मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या सावता माळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. साम्य खरे आहे. मात्र दोघांच्या भूमिकेत एक अंतर आहे. सावता महाराज गृहस्थ होते; मळा हा त्यांचा उदरनिर्वाह होता. लॉरेन्स संसार सोडून मठात गेलेला होता. मग मठाबाहेरच्या सामान्य संसारी माणसाचे काय?

३.४ ल्यूथर आणि ‘बेरूफ’

या प्रश्नाला सोळाव्या शतकातच, म्हणजे लॉरेन्सच्या आधी, मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) यांनी उत्तर दिले होते. मध्ययुगीन युरोपात ‘पाचारण’ हा शब्द प्रामुख्याने मठवासी व धर्मगुरू यांच्यासाठी राखलेला होता. देव ज्याला बोलावतो तो मठात जातो, इतरजण आपापला धंदा करतात, अशी समजूत होती. ल्यूथर यांनी ‘बेरूफ’ हा जर्मन शब्द चांभार, लोहार, शेतकरी, दासी, आईबाप यांच्या रोजच्या कामाला लावला. १५२० च्या एका प्रसिद्ध लेखनात त्यांनी सर्व श्रद्धावंत सारखेच याजक आहेत, त्यांच्यात फरक आहे तो केवळ कामाचा, असे मांडले. १५२२ मध्ये विवाहाविषयी लिहिताना बाळाची लंगोटी धुणाऱ्या बापाचे उदाहरण त्यांनी दिले. लोक त्याला हसतील, पण तो हे श्रद्धेने करीत असेल तर देव व देवदूत प्रसन्न होतील, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या जर्मन भाषेत ‘बेरूफ’ म्हणजे सरळ ‘व्यवसाय’. धार्मिक शब्द व्यवहारात कसा मुरतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. माक्स वेबर या समाजशास्त्रज्ञाने १९०४–०५ मध्ये भांडवलशाहीच्या वृत्तीची चिकित्सा करताना या शब्दाच्या इतिहासाला महत्त्वाचे स्थान दिले.

३.५ केडगावचा छापखाना

आता आपल्या भूमीकडे येऊ. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) इंग्लंडमध्ये असताना त्यांनी लंडनमधील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनींचे एक कार्य पाहिले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय, शिक्षण आणि माणुसकीची वागणूक मिळत होती. या दयेचे मूळ काय, असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांना योहानाचा चौथा अध्याय, म्हणजे शोमरोनी स्त्रीचा तोच प्रसंग, वाचून दाखवण्यात आला. आपल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी या क्षणाला निर्णायक मानले आहे. १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. उपासनेचे स्थान कोणते, या वादावरचे येशूचे उत्तर रमाबाईंना उमगले ते परित्यक्त स्त्रियांच्या आश्रमातील रोजच्या कामाच्या संदर्भात, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

भारतात परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यास आले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार स्त्रिया व मुली आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन विस्तारत गेले. तेथे प्रार्थना होतीच. पण तिच्या जोडीला शेती, विणकाम, शिवणकाम, दुभत्या जनावरांची निगा, शिकवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा आणि छपाई अशी कामे स्त्रिया शिकत व करीत. याकोबाच्या पत्रात शुद्ध धर्माचरणाची व्याख्या करताना अनाथ व विधवा यांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे, याचा उल्लेख येतो. केडगावात ही व्याख्या प्रत्यक्ष दिनक्रमात उतरलेली दिसते.

रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. अल्पशिक्षित स्त्रीलाही समजावा म्हणून जड संस्कृतप्रचुर शब्दांऐवजी साधे शब्द वापरण्याकडे त्यांचा कटाक्ष होता. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे तेथील स्त्रियांनी केली. १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

विद्यार्थी मित्रहो, येथे ३.१ मधील कसोटी लावून पाहा. विधवेने घरात राबावे, हे त्या काळच्या समाजाला मान्यच होते. तिचे कष्ट कोणी नाकारत नव्हते. त्या कष्टांना मान नव्हता आणि तिला निवड नव्हती. केडगावात तीच स्त्री अक्षर ओळखू लागली, खिळे जुळवू लागली, स्वतःच्या हातांनी ग्रंथ घडवू लागली. काम तेथेही होते आणि ते थोडे नव्हते. परंतु त्या कामाने तिला उभे केले. ‘अवोदा’चा एका अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे होणारा प्रवास तो हाच.

३.६ विचाराच्या मर्यादा

‘काम हीच उपासना’ हे वाक्य कार्यालयाच्या भिंतीवर लावणे सोपे आहे. म्हणून त्याच्या तीन मर्यादा लक्षात घेतल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा न्यायाची. ज्याला जे काम मिळाले त्यात त्याने राहावे, असा पौलाच्या एका सल्ल्याचा अर्थ लावून ल्यूथर यांच्या परंपरेत सामाजिक उतरंड टिकवण्याचेही काम झाले. महाराष्ट्रात हा धोका अधिक तीव्र आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरात एकोणिसाव्या शतकापासून जी अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांतील पुष्कळांच्या वाट्याला गावकीची, पिढीजात लादलेली कामे होती. त्या वेठीला उपासना म्हणणे म्हणजे फारोच्या विटांना मंदिर म्हणण्यासारखे होईल. बायबलमधील संदेष्ट्यांनी याविषयी संदिग्धता ठेवलेली नाही. उपासाच्या दिवशी मजुरांना पिळून काढणाऱ्यांचा उपास यशया नाकारतो. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, असे याकोब लिहितो. काम करणाऱ्याने आपले काम उपासना मानावे, हा त्याचा अधिकार आहे. काम करवून घेणाऱ्याने ते त्याला सांगू लागावे, तेव्हा सावध व्हावे.

दुसरी मर्यादा विश्रांतीची. शब्बाथाच्या आज्ञेत दासदासींनाही विसावा मिळावा असे म्हटले आहे आणि कारण दिले आहे ते मिसरमधील गुलामीच्या आठवणीचे. ज्याला थांबता येत नाही, त्याचे काम उपासना राहत नाही.

तिसरी मर्यादा ‘उपासना’ या शब्दातच आहे. लूकच्या शुभवर्तमानात मार्था व मरिया या बहिणींची कथा येते. मार्था सेवेत गुंतलेली आहे. मरिया येशूच्या पायांशी बसून ऐकते आहे. मार्था तक्रार करते तेव्हा येशू मरियेची बाजू घेतो. जवळ बसणे, हा ‘उपासना’ शब्दाचा मूळ अर्थ येथे अक्षरशः दिसतो. लॉरेन्सला भांड्यांच्या आवाजात शांती सापडली. पण त्याच्या मठात प्रार्थनेचे तासही होते. बसणे पूर्णपणे सुटले तर सेवा ही केवळ धावपळ होते. म्हणून ख्रिस्ती परंपरेने रविवारची उपासना कधी रद्द केली नाही. उरलेल्या सहा दिवसांना अर्थ मिळावा, यासाठीही ती जपली.

४. सारांश

हिब्रू ‘अवोदा’ या शब्दात श्रम, गुलामी आणि उपासना असे तिन्ही अर्थ सामावले आहेत. पौलाने ‘लात्रेइया’ हा शब्द मंदिराच्या वेदीवरून माणसाच्या जिवंत देहाकडे आणला. बेनेडिक्ट व ब्रदर लॉरेन्स यांनी मठातील साध्या कामाला प्रार्थनेची प्रतिष्ठा दिली. ल्यूथर यांनी ती संसारी माणसाला दिली. पंडिता रमाबाईंच्या केडगावात या विचाराला स्त्रियांच्या मुक्तीची जोड मिळाली. काम उपासना ठरते ते त्यातील प्रेम, मोकळेपणा आणि न्याय यांमुळे; आणि त्यासाठी थांबण्याची, जवळ बसण्याची वेळही लागते.

५. शब्दार्थ

- अवोदा – श्रम, सेवा, उपासना (हिब्रू)
- लात्रेइया – सेवा. देवाची उपासना (ग्रीक)
- लेइतुर्गिया – लोकोपयोगी कार्य. पुढे उपासनाविधी (ग्रीक)
- बेरूफ – पाचारण. पुढे व्यवसाय (जर्मन)
- शब्बाथ – सातव्या दिवसाचा विसावा
- वेठ – मोबदल्याविना सक्तीने करवून घेतलेले काम

६. स्वाध्याय

१. ‘अवोदा’ या शब्दाच्या आधारे निर्गमाच्या कथेचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
२. ब्रदर लॉरेन्स आणि सावता माळी यांच्या भूमिकांतील साम्य व भेद लिहा.
३. पंडिता रमाबाईंच्या जीवनात योहानाच्या चौथ्या अध्यायाला कोणते स्थान आहे?
४. ‘सेवा’, ‘चाकरी’, ‘नोकरी’ व ‘वेठ’ या शब्दांच्या अर्थच्छटा सोदाहरण सांगा.
५. आपण रोज करीत असलेले एक काम निवडा. ते आपण कोणासाठी करतो, त्यात निवड कितपत आहे आणि त्यात विसाव्याला जागा आहे काय, यांविषयी सुमारे दोनशे शब्दांत लिहा.